चव्वेचाळीस मिलिमीटर

१२ ऑगस्ट

कुमारी फूटपट्टी यांस,

दीड वर्षानं लिहितोय. माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू दुसऱ्या ओळीपासून माफी शोधत बसशील आणि सापडली नाही की तुझ्या त्या सरळ भुवया वर जातील. कामाच्या जागी कागद पडला होता, खिशात पेन होतं आणि जेवणाची सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. एवढंच कारण.

मी मजेत आहे. कॉलेज सोडल्याचा पश्चात्ताप वगैरे काही झालेला नाही. आधी एका कुरियरवाल्याकडे होतो, त्याचं माझं पटलं नाही. मग छापखान्यात, तिथल्या मॅनेजरचं माझं पटलं नाही. मग टाइल्सच्या दुकानात. तिथे सगळ्यांशी पटलं, फक्त गिऱ्हाइकांशी पटलं नाही. आता चार महिने झाले, एका म्हाताऱ्या सर्व्हेअरच्या हाताखाली आहे. हस. जे शिकायचं टाकून आलो तेच आता पोटासाठी करतोय. ते दुर्बिणीतून बघतात आणि मी समोर पन्नास पावलांवर आकड्यांची उंच पट्टी धरून उभा राहतो. रस्ता किती चढला, किती उतरला, ते त्या आकड्यांवरून कळतं. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे खांब झालास." मी फोन ठेवला.

तुझी बाजू तू सगळ्या वर्गाला सांगितली असशील, म्हणून माझी एकदा लिहून ठेवतो. शेवटच्या प्रॅक्टिकलला जोडीजोडीनं टेकडीला वळसा घालून मोजत जायचं होतं, आणि निघालो त्याच दगडावर परत यायचं होतं. त्या दगडाची उंची परत आल्यावर तीच निघायला हवी. बारा मिलिमीटरपर्यंतची चूक सर चालवून घेत होते. आपली आली चव्वेचाळीस. ऊन उतरलं होतं, सर घड्याळ बघत होते, बाकी जोड्यांनी वह्या देऊन टाकल्या होत्या. मी वहीतले दोन आकडे जरा इकडचे तिकडे केले आणि शून्य आणलं. स्वच्छ शून्य. खाली दोघांच्या सह्या लागतात. मी केली. तू पेनाला टोपण लावलंस आणि म्हणालीस, "मी नाही करणार. उद्या सकाळी सातला ये, परत मोजू." सगळ्यांसमोर.

त्यावर मी काय बोललो ते तुलाही आठवत असेल. पुन्हा लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सहाला होस्टेल सोडलं.

एक सही. एवढंच होतं.

उत्तर नको आहे. पाकिटामागे पत्ता आहे तो फक्त पोस्टाच्या नियमासाठी.

भडका


३० ऑगस्ट

फूटपट्टी,

उत्तर नको म्हणालो होतो आणि तू खरंच दिलं नाहीस. तुझा हा स्वभाव जाणार नाही.

मी राहतो ती खोली सांगतो. त्या सर्व्हेअरना मी काका म्हणतो. त्यांच्या घरामागे सामानाची खोली आहे, तिच्या अर्ध्या भागात माझी खाट. उरलेल्या अर्ध्या भागात तिपाया, जुन्या पट्ट्या, रंगाचे डबे. सकाळी उठलो की पहिला पाय तिपाईला लागतो. पलीकडच्या खोलीत काकू पडदे शिवतात, दिवसभर मशीन. काका त्यांना म्हणतात, "जरा थांबव ते, डोकं उठलं." काकू म्हणतात, "डोकं उठलंय तर त्याच्याबरोबर तुम्हीही उठा आणि पाणी भरा." मला दोघंही "अहो जावई" म्हणतात, कारण पहिल्या दिवशी मी जेवताना फार लाजलो. मुलगी वगैरे त्यांना नाही.

परवा काकूंनी मला लिहिताना पाहिलं. म्हणाल्या, "एवढी मान घालून परीक्षेत लिहिलं असतंस तर आज दुर्बिणीच्या या बाजूला असतास." मी म्हटलं, काम लिहून काढतोय. "काम असं ओठ चावत लिहितात?"

आता खरं. सहीचा राग मला सहीसाठी आला नव्हता. त्याच्या दोन दिवस आधी, कॉलेजच्या सामानखोलीच्या जिन्यावर, तिपाई खांद्यावर असताना मी तुला जे सांगितलं ते तू विसरली नसशील. त्यासाठी मी आठवडाभर तयारी केली होती. आरशासमोर केली होती, आता हसलीस तरी चालेल. आणि सगळं ऐकून घेऊन तू म्हणालीस, "तुझी नाडी सुटलीये, पडशील."

मी वाकून बुटाची नाडी बांधली. वर बघतो तर तू नाहीस.

दोन दिवस मी त्या वाक्याचा अर्थ लावत होतो. मग तू सही नाकारलीस आणि मला अर्थ मिळाला. माझ्या नावाशेजारी तुला तुझं नाव नको होतं. वहीतही नको आणि कुठेच नको. असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

तुझ्या आई हे वाचत असतील तर त्यांना नमस्कार. मी वाईट मुलगा नाही.

भडका


३ ऑक्टोबर

फूटपट्टी,

बढती मिळाली आहे. काकांच्या उजव्या डोळ्याला आता आकडे धूसर दिसतात, म्हणून दुर्बिणीवर मी आणि पट्टीला काका. कामावरचे गवंडी हसतात, मालक पट्टी धरतोय म्हणून. काका म्हणतात, "हसू द्या, मला उभं राहायचं आवडतं, बसलो की ही कामं सांगते." ही म्हणजे काकू.

पहिल्या दिवशी मी एक आकडा सांगितला, एक पॉइंट सहाशे तीस. काका लांबून ओरडले, "दिसला की वाटला?" मी म्हटलं, वाटला, कारण आधीचे आकडे तसेच चालले होते. पट्टी तिथेच जमिनीवर ठेवून ते चालत आले. मला वाटलं आता पडणार एक. पडली नाही. म्हणाले, "दिसतं ते लिही. दिसायला पाहिजे ते लिहायला मला माणूस नकोय, ते मी घरी बसून लिहितो." परत जाऊन उभे राहिले. मी बघितलं. सहाशे चोवीस होता.

या गोष्टीवरून मी पूर्वी नोकरी सोडली असती. सोडली नाही. का ते माहीत नाही, कदाचित ते एवढं अंतर चालत आले म्हणून.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. काल एका ठेकेदारानं दुसऱ्याची वही तपासायला आणली. पाण्याच्या नळासाठी दोन किलोमीटर मोजून परत आलेले, आणि शेवटी चूक शून्य. काकांनी वही उघडली, शेवटचं पान बघितलं आणि हसत सुटले. काकूंना बोलावून दाखवली. काकू म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं?" काका म्हणाले, "अगं, हा माणूस घराबाहेर पडलाच नाही! खरं मोजलं की थोडं चुकतंच. तीन, चार, सात. शून्य आलं की समजायचं, कोणीतरी आणलंय."

माझे कान तापले. बरं झालं, खोलीत उजेड कमी होता.

तू सही का केली नाहीस याला दुसरंही कारण असू शकतं, हे मला दीड वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. ते वाटलं म्हणून लिहिलं. दिसलं असं अजून म्हणत नाही.

भडका


२१ नोव्हेंबर

फूटपट्टी,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. आज जे घडलं ते तसंच लिहितो.

एका शाळेमागे गटाराची लाइन टाकायची आहे. चढावर काम चाललं होतं. मी वर दुर्बिणीवर, काका खाली पट्टीला. बाजूला ठेकेदार, त्याची चार माणसं आणि शाळेचे मुख्याध्यापक, सगळे बघत उभे. खाली उतार जास्त, म्हणून काकांनी पट्टीचा वरचा भाग ओढून उंच केला. मी डोळा लावला. आकडा दिसत होता, पण मधल्या सांध्यापाशी काहीतरी चुकत होतं. तिथली एक काळी खूण अर्धीच दिसत होती, जणू सांध्यानं गिळली होती. पट्टी पूर्ण वर गेली नव्हती. शेवटचा खटका बसलाच नव्हता. बोटाच्या नखाएवढं कमी. म्हणजे तिथून घेतलेला प्रत्येक आकडा तेवढा खोटा.

चाळीस वर्षं हे काम केलेला माणूस, आणि आज त्याच्या लक्षात आलं नाही. डोळाच तसा झालाय.

मी वरून ओरडलो असतो तर सगळ्यांनी ऐकलं असतं. तसा माझा घसा चांगला आहे, तुला माहीत आहे. पण मी चालत खाली गेलो. काकांच्या हातातून पट्टी घेतल्यासारखी केली, वरचा भाग बोटांनी ढकलला. टक. परत जाता जाता एवढंच म्हटलं, "काका, मघाचे दोन-तीन परत घेऊया का? सुरुवातीपासूनच घेऊ."

आणि ते माझ्या तोंडून निघालं तिथेच माझे पाय थांबले.

कारण तूही आली होतीस. त्या दिवशी टेकडीवर तू वर दुर्बिणीवर होतीस, मी खाली पट्टीला. शेवटच्या टप्प्याआधी तू चालत माझ्यापाशी आलीस, पट्टी हातात घेतलीस, वरचा भाग ढकललास. टक झालं होतं. मी ते ऐकलं होतं. मी तेव्हा तुझ्या बोटांकडे बघत होतो आणि मला वाटलं, ही उगाच आली, माझ्याजवळ यायचं निमित्त काढून आली. मी हवेत होतो!

चढावर चार वेळा पट्टी उंच केली होती. ते आकडे मला अजून पाठ आहेत. चव्वेचाळीसला चारनं भाग जातो. अकरा. प्रत्येक वेळी अकरा मिलिमीटर. खटका न बसवता पट्टी धरून उभा होतो मी, तुझ्याकडे बघत.

तुला ते दुर्बिणीतून दिसलं होतं. सरांसमोर, सगळ्या वर्गासमोर तू एका शब्दानं म्हणाली असतीस की चूक याची आहे, तर तिथेच विषय संपला असता. तू म्हणालीस, उद्या परत मोजू.

काका "बरं" म्हणाले, आम्ही परत घेतलं. परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बसथांब्यापर्यंत काढला नाही. त्यांना कळलं होतं, म्हणजे. बोलले मात्र भलतंच: "आज घरी पोहोचल्यावर पाणी मी भरतो."

तू कळलीस मला, दीड वर्ष उशिरा.


१५ डिसेंबर

फूटपट्टी,

सरळ सांगतो. मला तुला भेटायचं आहे. पण आधी हे वाच.

दुर्बीण दुरुस्तीला न्यायची होती, म्हणून काकांनी मला शहरातल्या दुकानात पाठवलं. रांगेत पुढे ओळखीची पाठ. आपल्या सामानखोलीचे मामा, कॉलेजच्या पाच दुर्बिणी घेऊन आलेले. मी तोंड लपवायच्या आत ते वळले.

"तू का रे तो? पळपुटा?"

मी म्हटलं, "नमस्कार मामा."

"नमस्कार काय! माझी एक पट्टी तू जिन्यात टाकून गेलास, तिचा कोपरा मोडला. आणि त्या पोरीला तीन तास उभं केलंस, ते वेगळंच."

मी विचारलं, कुठले तीन तास.

मामा माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मीच सामानखोलीची चावी हरवली. मग सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तू त्यांच्याकडून दुर्बीण, तिपाई, पट्टी सगळं घेतलंस. मामा म्हणाले होते, "एकटीनं कसं होईल बाई? एक दुर्बिणीला लागतो, एक पट्टीला." तू म्हणालीस, "येतोय तो." तू टेकडीच्या पायथ्याशी, त्या पहिल्या दगडाजवळ तिपाई लावलीस. मामा आठला चहा घेऊन बाहेर आले, तू होतीस. नऊला आले, होतीस. दहाला तू सगळं परत आणलंस. सामान परत करताना नोंदवहीत कारण लिहावं लागतं. तू लिहिलंस, "काम झालं नाही."

मामा म्हणाले, "सरांनी तिला त्या कामाला शून्य दिलं. पुढच्या वर्षी खालच्या वर्गातल्या एकाबरोबर परत केलं तिनं. चार मिलिमीटर आली चूक. मीच तिपाई उचलून दिली होती." आणि वर म्हणाले, "तुझं नाव काढलं असतं तर सुटली असती. मीच म्हटलं होतं तिला. म्हणाली, त्याचं त्याला सांगू दे."

सात वाजता मी बसमध्ये होतो. खिडकीशी बसून तुला काय काय ऐकवायचं होतं आणि राहिलं त्याची यादी करत होतो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं नव्हतं ते आता लिहितो. मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "माझ्या शेजारी नाव लिहायची एवढी लाज वाटते तर दोन महिने माझ्याबरोबर फिरलीस कशाला, फुकटचा हमाल मिळाला म्हणून?" हे मी म्हणालो. वर्ग हसला. तू नाही. वही तुझ्या पायाशी टाकली तीही मीच. ती तू वाकून उचललीस.

चूक माझी होती. पट्टीचीही, वहीचीही, बोलण्याचीही. माफ कर.

येत्या रविवारी मी येतो. तुझ्या घराचा पत्ता आहे माझ्याकडे. तू घरी नसशील तर आई सांगतील कुठे आहेस, मी तिथे येईन. कितीही लांब असलं तरी. मला फक्त समोर उभं राहून हे एकदा बोलायचं आहे. मग तू जे म्हणशील ते.

आणि खरं तर एवढंच नाही. जिन्यावर सांगितलं होतं ते अजून तसंच आहे. दीड वर्षात मी त्यावर खूप राग ओतून पाहिला, ते विरघळलं नाही.

रविवारपर्यंत नको म्हणालीस तर येणार नाही. पत्राला पोहोचायला वेळ लागेल, म्हणून या रविवारी नको, जानेवारीच्या पहिल्या रविवारी.

तुझा


४ जानेवारी

फूटपट्टी,

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारची माझी पिशवी भरलेली होती.

काकूंनीच पाकीट आणून दिलं आणि मशीन थांबवून दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, मला एकट्याला वाचू द्या. "वाच की. मी काय तुझ्या डोळ्यांनी वाचतेय?" पण हलल्या नाहीत.

तू सात ओळी लिहिल्यास. त्या मला आता पाठ आहेत. पत्रं मिळाली, आईनं इकडे, कामाच्या गावी पाठवली. हो, थांबले होते, दहापर्यंत. त्यानंतर वर्षभर तुझा राग केला, मग तो संपला, कधी ते कळलं नाही. जिन्यावर मला काय बोलावं ते सुचलं नव्हतं, आणि नाडी खरंच सुटली होती. माफी मिळाली. तू येऊ नकोस. लिहावंसं वाटलं तर लिही.

मी ते अकरा वेळा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मला वाटलं, "सुचलं नव्हतं" म्हणजे तुलाही तेव्हा काहीतरी वाटत होतं. पाचव्यांदा वाटलं, राग संपला म्हणजे सगळंच संपलं. सातव्यांदा वाटलं, "येऊ नकोस" असं मुलगी म्हणते तेव्हा ती बघते की हा येतो की नाही, आणि मी पिशवी उचलली. नवव्यांदा पिशवी खाली ठेवली, कारण मग "लिही" कशाला म्हणाली असतीस?

शेवटी कागद काकूंच्या हातात दिला. म्हटलं, "तुम्हीच सांगा याचा अर्थ काय."

काकूंनी चष्मा लावला. पूर्ण वाचलं. मागची बाजूही बघितली, कोरी होती.

"यात अर्थ काय लावायचा? ती म्हणते येऊ नकोस."

"हो, पण..."

"आणि म्हणते, लिहावंसं वाटलं तर लिही."

"हो."

"मग येऊ नकोस आणि लिही. एवढं स्वच्छ तर या घरात मलाही कोणी काही सांगत नाही." कागद माझ्या हातात दिला आणि जाऊन मशीनवर बसल्या.

राग आला नाही, याचंच मला नवल वाटत होतं. वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण तू मला काय म्हणालीस ते या वेळी मला कळलं, म्हणालीस तेव्हाच कळलं. तुझ्या बाबतीत हे पहिल्यांदा झालं.

पिशवी रिकामी केली. येत नाही. या रविवारी नाही, आणि तू बोलावल्याशिवाय कधीच नाही.

आणि लिहावंसं वाटतंय, म्हणून लिहितो. शाळेमागचं काम संपलं, परत दगडाशी आलो तेव्हा चूक पाच निघाली. काकांनी वहीत पाच लिहिलं आणि मला खाली सही करायला लावली. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. ते म्हणतात, "नको, दिसायला लागलं तर ही पडद्यांचे रंग निवडायला नेईल." राहिलेलं वर्ष पूर्ण करता येईल का, हे मी कॉलेजला पत्र लिहून विचारलंय. बाबांना फोन केला होता. "खांब कसा आहे?" म्हणाले. मी म्हटलं, उभा आहे. दोघंही हसलो, आणि या वेळी फोन त्यांनी आधी ठेवला.

एवढी सहा पत्रं झाली, सगळी माझीच. एक गोष्ट मी एकाही पत्रात विचारली नाही. तू कशी आहेस? तिथे काय काम करतेस, दुर्बिणीवर असतेस की टेबलावर? पट्टी कोण धरतं? खोली कशी आहे?

सांगावंसं वाटलं तर सांग.

भडका